जळतो की जुळतो

प्रिय टिंबू,

कागदावर पीठ दिसलं तर झटकून टाक. दुपारची भट्टी उतरवून दुकानामागच्या मळायच्या टेबलावरच लिहायला बसलोय. वर घरात बसलो असतो, पण तिथे तुझी आई खांद्यावरून वाचते आणि मोठमोठ्याने हसते. हो, तुझी आई. मोठमोठ्याने. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, आणि तो मला एकट्याला निस्तरेना म्हणून तुला लिहितोय. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. फोन कानाला लागला की ‘बरी आहेस ना, जेवलीस ना’ याच्यापुढे माझी गाडी जात नाही. आणि तूही हल्ली फोन उचलत नाहीस. तेव्हा पत्र. हे तिला तपासायला देता येणार नाही, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सांभाळून घे.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन. तुझ्या आईला काहीतरी झालं आहे, असं डॉक्टर म्हणतात. आणि मला ती आजवर इतकी आनंदी कधी दिसली नव्हती. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, इथे माझं डोकं चालेनासं झालंय. तिच्यासाठी गोळ्या दिल्या आहेत. ते पाकीट मी यीस्टच्या डब्यामागे, तिचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलंय. अजून फोडलेलं नाही. रोज स्टुलावर चढतो, पाकीट जागेवर आहे का बघतो आणि उतरतो. एवढंच काय ते माझ्याकडून होतं. पण गोळ्यांचं नंतर. तू तिच्यावर रागावली आहेस, म्हणून आधी तुझ्या प्रुफांचं सांगायला हवं.

तुझ्या पुस्तकाची प्रुफं आली त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं होतं. आपल्या लेकीचं ताऱ्यांवरचं पुस्तक, आणि तपासायला घरचीच प्रूफरीडर. मला वाटलं, आज तुझी आई सणासुदीसारखी हरखून जाईल. पहिल्याच पानावर तू तिच्यासाठी ओळ लिहिली होतीस, ‘आईस, जिने माझा एकही काना-मात्रा वाकडा जाऊ दिला नाही.’ मी तर वाचूनच नाक शिंकरायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती पुढच्या पानावर पोचली होती. मग तिने लाल पेन्सिल घेतली आणि सबंध पुस्तक दोन बैठकांत संपवलं. मला कौतुक वाटलं, की या वयातही हात किती भराभर चालतो. पूर्वी एका पानाला ती एक चहा घ्यायची हे मला त्या वेळी आठवलंच नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू मुद्दाम, विचार करून, जिथेतिथे ‘जुळतो’ असं लिहिलं होतंस. ‘ताऱ्याच्या पोटात हायड्रोजन जळत नाही, जुळतो.’ मुलांना कळावं म्हणून तू शोधून काढलेला शब्द. सगळं पुस्तक त्या एका उकारावर उभं. आणि तुझ्या आईने पुस्तकभर एकेक उकार वेचून काढून टाकला. एवढं करून थांबली असती तर म्हटलं असतं, की बाईला शास्त्र माहीत नाही, तिला ती छपाईची चूक वाटली. पण ते वाक्यसुद्धा तिने तसंच केलं, ‘हायड्रोजन जळत नाही, जळतो.’ हे वाचलं, समासात खूण केली आणि पान उलटलं. मी तिला विचारलं तर म्हणाली की तारा कुठे जुळत असतो, जळतोच की, दिसत नाही का तुला. आणि हसली. तुझा फोन आला, तू विचारलंस की आई, माझ्या कामाची तुला एवढीच किंमत का, तेव्हाही ती अशीच हसली. तू फोन ठेवलास. तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि मला म्हणाली की चल, बिस्किटं खाऊ. मी तिथेच उभा होतो, बाळ. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही फोन ठेवला असता.

पण ही कोण बाई आहे ते आठव. तुला ती गोष्ट तोंडपाठ आहे, तरी मला आज लिहावीशी वाटते. दुकान नवं होतं, मी बिस्किटांच्या पुड्यांसाठी वेष्टणं छापून घ्यायला छापखान्यात गेलो होतो. गठ्ठा उचलला, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो, तर मागून एक सडपातळ मुलगी धापा टाकत पळत आली आणि माझ्या हातातला गठ्ठा तिने अक्षरशः हिसकावून घेतला. वेष्टणांवर ‘ताजी, कुसकुशीत बिस्किटं’ असं छापलं होतं. ‘ख’च्या जागी ‘क’. मी आपला म्हणालो की एका अक्षराने काय होतंय, बिस्किट तर तेच ना. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी त्या दिवसापासून आजतागायत एकाही अक्षराला ‘त्याने काय होतंय’ असं म्हटलेलं नाही. पुढे आमचं जुळलं तेव्हा छापखान्यातले लोक तिला चिडवायचे, की बातमी छापताना उकार सांभाळा हं, नाहीतर ‘लग्न जुळलं’चं ‘लग्न जळलं’ व्हायचं. ती नुसती मान खाली घालून गालात हसायची. अशी ही बाई. त्याच शब्दातला तोच उकार तिने पुस्तकभर पुसावा, हे माझ्या अजून पचनी पडत नाही.

आणि ती किती कमी बोलायची ते तुला वेगळं सांगायला नको. तू लहानपणी विचारायचीस, की आईचा आवाज कुठे ठेवलाय. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून मी ‘अहो’ सोडून दुसरी हाक ऐकली नाही, आणि त्या ‘अहो’तही बरेचदा पुढचं वाक्य नसायचं, ते मीच ओळखायचं. राग आला तर बोलायची नाही, आनंद झाला तरी बोलायची नाही. छापखान्यातली एक खूण मात्र तिने घरात आणली. आधी खोडलेलं, पण नंतर ‘नाही, होतं तेच बरोबर’ असं वाटलं, तर त्या अक्षरांखाली बारीक बारीक टिंबं द्यायची, म्हणजे ‘तसंच ठेवा’. तुला ती इतकी आवडली, की मी तुझं भिंतीवरचं चित्र पुसायला फडकं आणलं की तू आधी जाऊन खडूने त्याच्याखाली टिंबं देऊन यायचीस. चित्रं राहिली, भिंत गेली, आणि तुझं नाव टिंबू पडलं. अजूनही घरात काही राहू द्यायचं असलं की मी म्हणतो, टिंबं दे त्याला.

आता हल्लीचं ऐक. हे बदल कधी सुरू झाले ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका सकाळी ती खाली दुकानात आली आणि मैद्याच्या पोत्यावर चढून बसली. पाय हलवत. मग गुणगुणायला लागली. मग गायला लागली. मी हातातली कणीक तशीच सोडून बघत राहिलो. तिला गाता येतं हे मला माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फारसं येतही नाही. पण ती गाते. गिऱ्हाइकांशी बोलते. शिंप्याच्या बायकोला तिच्या तोंडावर सांगितलं की तुझा हा झगा पडद्याचा वाटतो. आणि शिंप्याची बायको आधी गोरीमोरी झाली, मग हसत सुटली, कारण तो पडद्याचाच होता. तुझ्या आईने स्वतःसाठी हळदीसारखा पिवळाजर्द स्वेटर आणलाय आणि तो ती झोपतानाही काढत नाही. आणि मला ती ‘अरे’ म्हणते. ‘अरे, इकडे ये. अरे, ऐक ना.’ पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुकानात दुसरं कोण आलंय म्हणून. तुला सांगायला लाज कसली, म्हातारपणी माझे कान गरम झाले. मी जन्मभर त्या एका हाकेची वाट बघत होतो की काय, असं वाटलं. माझे दिवस फार मजेत चालले होते, टिंबू. बायको गाते, बोलते, चालता चालता रस्त्यात हात धरते. कोण तक्रार करेल.

पण बाकीचंही लिहायला हवं, नाहीतर तुला वाटेल बाबाला वेड लागलंय. समोरचा घड्याळवाला गेला. तुझ्या आईचा किती जुना स्नेही. तिच्या चष्म्याच्या काड्या तोच बसवून द्यायचा. आम्ही भेटायला गेलो तर तिने त्याच्या बायकोला विचारलं की आता त्यांचं ते फिरतं स्टूल कुणाला देणार, मला हवंय. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. तिला मात्र काही वाटलं नाही. घरी येताना गात होती. मग एकदा ती कुठल्याशा बसमध्ये चढून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, कारण ड्रायव्हरच्या मिश्या तिला आवडल्या. त्या मिशाळ भल्या माणसानेच तिला परत आणून सोडलं. आणि दोनेक आठवड्यांपूर्वी तिने भट्टीतला ट्रे उघड्या हाताने उचलला. तळवा चांगलाच पोळला. मी ओरडलो, ती हाताकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचा हात. त्या रात्री तिच्या हाताला मलम लावताना माझी मजा संपली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी मेंदूचे फोटो काढले, आईला चित्रं दाखवली, शब्द विचारले. मग मला एकट्याला आत बोलावून सांगितलं की मेंदूचा पुढचा भाग आकसत चाललाय. या आजारात विसरणं नंतर येतं, आधी स्वभाव बदलतो. संकोच जातो, भीती जाते, दुसऱ्याचं दुःख कळेनासं होतं. शब्दही हळूहळू जातील. मी त्यांना विचारलं की हे गाणं, ही हाक, हे हात धरणं, हे सगळं आजार आहे का. त्या म्हणाल्या की हो, ही लक्षणंच आहेत. म्हणाल्या, गोळ्यांनी बऱ्या होणार नाहीत, पण शांत होतील, सांभाळायला सोप्या जातील. मी पाकीट खिशात घातलं आणि बाहेर आलो. शांत तर ती आधी होतीच की. बाहेर बाकावर तुझी आई अनोळखी माणसाला स्वतःचा स्वेटर किती उबदार आहे ते हात लावून बघायला सांगत होती.

मग मी तुझं पुस्तक वाचायला घेतलं. प्रुफांची एक जादा प्रत इथे राहिली होती. आजवर मी तुझ्या कामाबद्दल लोकांना सांगायचो, की ती डोंगरावर राहते आणि दुर्बिणीतून बघते. काय बघते ते कधी विचारलं तर मी त्यांना बिस्किटं द्यायचो. आता नीट वाचलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचायचो, आणि बराचसा भाग पुन्हा पुन्हा वाचला, कारण माझ्या भट्टीचं ज्ञान त्यात उपयोगाचं नव्हतं, उलट आडवंच येत होतं. तू लिहितेस, ताऱ्याच्या गाभ्यात इतका दाब, इतकी उष्णता, की हायड्रोजनचे चार कण जुळून हेलियमचा एक होतो, आणि त्या जुळण्यात जे जरासं वजन हरवतं त्याचाच उजेड होतो. माझ्या टेबलावर मी चार गोळे एकत्र मळले तर चारांचंच वजन भरतं; तुझ्या ताऱ्यांचं कसं कमी भरतं कुणास ठाऊक. बरं, तेही मान्य केलं. पुढे तू म्हणतेस की ज्या ताऱ्याकडे हायड्रोजन जास्त तो कमी जगतो. इथे मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो. ज्याच्या कोठीत पोती जास्त त्याचं दुकान आधी बंद कसं पडेल? पण तू समजावलंयस, की मोठ्या ताऱ्याचं वजनच इतकं, की गाभा भयंकर दाबला जातो, तापतो, आणि हायड्रोजन भसाभस संपवतो. निळापांढरा झळाळतो आणि काही दशलक्ष वर्षांत आटोपतो. आणि तो लहानसा, तांबूस, नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही असा तारा मंद मंद तेवत लाखो कोटी वर्षं टिकतो. तो स्वतःला वरपासून खालपर्यंत सतत ढवळत असतो, म्हणून त्याचा कणन्‌कण कधी ना कधी गाभ्यात पोचतो आणि उपयोगी पडतो. हे मात्र मला लगेच कळलं. कणीक नीट उलथीपालथी केली तर कडेला कोरडं पीठ राहत नाही.

मला वाटलं, ही तुझी आईच. लहानशी, मंद, आपल्या आत काय ते ढवळत बसलेली, आणि टिकाऊ. मी खूश झालो आणि पान उलटलं. पुढचं पान आपल्या सूर्याचं होतं. सूर्य असा ढवळला जात नाही. त्याच्या गाभ्यात आहे तेवढाच हायड्रोजन जुळत राहतो. बाहेरच्या थरांमध्ये कितीतरी पडून असतो, तो जन्मापासून जिथे आहे तिथेच. मग कधीतरी गाभ्यातला संपतो. इथे माझ्या हिशेबाने सूर्याने थंड व्हायला हवं. माझ्या भट्टीचा गॅस संपला तर पाव फुगत नाही, बसतो. पण तू लिहितेस की गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, त्या आकसण्याने त्याच्या भोवतीचा थर तापतो, आणि आजवर नुसता पडून असलेला तो हायड्रोजन जुळायला लागतो. तारा फुगतो, लाल होतो, आणि त्याचं तेज शेकडो पटींनी वाढतं. कधीच नव्हता इतका तो उजळतो. गाभा आकसतो म्हणून. हे वाचून मी चष्मा काढला. समोर पोत्यावर पिवळ्या स्वेटरमध्ये तुझी आई पाय हलवत गात होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे एकच घोळतंय आणि उलगडत नाही. डॉक्टरीणबाईंनीही ‘आकसतो’ हाच शब्द वापरला होता. मग हे जे उजळलंय ते काय आहे? ते नुसतं लक्षण असेल तर मी ज्या बाईच्या प्रेमात या वयात नव्याने पडलोय ती तुझी आई नाहीच; तो आजार आहे, आणि तो मला ‘अरे’ म्हणतोय. अशा वेळी गोळी न देणं म्हणजे माझ्या मजेसाठी तिचा हात पोळू देणं. पण ते गाणं, ती हाक, हे सगळं आधीपासून तिच्यात होतंच आणि गाभ्यापर्यंत कधी पोचलंच नाही, असं असेल तर? मग गोळी देऊन मी ते विझवणार, तेही तिला कधी नव्हे ते सापडलेलं. सकाळी मला पहिलं पटतं, दुपारी दुसरं. संध्याकाळी भूक लागते आणि काहीच पटत नाही. आणि एक गोष्ट तुला सांगायचं टाळत होतो, पण सांगतो. त्या फोननंतर तिने तुझं नाव काढलेलं नाही. मी काढलं तर ऐकते आणि खिडकीबाहेर बघून दुसरंच बोलते. तिला तू आठवत नाहीस असं नाही, तुझा फोटो रोज स्वेटरच्या बाहीने पुसते. मग नाव का घेत नाही, ते मला समजत नाही.

काल दुपारी मी ठरवलं की पुरे झालं, आज पाकीट फोडायचं. पाण्याचा पेला आणि पाकीट टेबलावर ठेवलं आणि तिची वाट बघत बसलो. टेबलावर पीठ पसरलेलंच होतं. बसल्या बसल्या मी बोटाने त्यात तुझा शब्द लिहिला, ‘जुळतो’. मग तिने तुझ्या प्रुफात केलं होतं तसं त्या उकारावर आडवी रेघ मारली, आणि बघत बसलो, की एवढ्याशा रेघेने माझी बायको कुठे गेली. तेवढ्यात ती गात गात जिना उतरली. गाणं मध्येच थांबलं. ती टेबलापाशी आली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, जसा छापखान्यात घ्यायची, आणि वाकून त्या पिठाकडे बघू लागली. खूप वेळ. मग तिने पट्टी बांधलेल्या हाताचं बोट पुढे केलं आणि मी खोडलेल्या उकाराखाली टिंबं दिली. सारख्या अंतरावर, एकसारखी, कुठे घाई नाही. मी विचारलं की हे काय गं? तिने वर पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली,

“अहो, तिला विचारा.”

अहो. कितीतरी महिन्यांनी. कशाबद्दल विचारू, काय विचारू, असं मी म्हणेपर्यंत ती पुन्हा सरळ उभी राहिली होती. ‘अरे, हे पाणी कुणाचं’ असं म्हणून तिने पेला उचलला, गटागटा पिऊन टाकला, कोपराने टेबल पुसलं आणि बिस्किटांच्या डब्याकडे गेली. पाकीट तिने पाहिलंही नाही. मी ते परत फळीवर ठेवलं. तेव्हापासून मी त्या टिंबांचा अर्थ लावतोय. तिने तुझा उकार तुला परत दिला का? की पाण्याकडे आणि पाकिटाकडे बघून तिला म्हणायचं होतं, की मला तसंच ठेवा? की त्यात यातलं काहीच नव्हतं, टिंबं म्हणजे टिंबू, इतकंच? तोंडाने घेता येत नाही ते नाव तिने बोटाने घेतलं असेल का? मला कळत नाही. पण एवढं मात्र कळलं, की ‘तिला’ म्हणजे तुला. दुसरी कुणी ‘ती’ आमच्या घरात कधी नव्हतीच.

म्हणून हे पत्र. ती म्हणाली तिला विचारा, तर मी विचारतोय. आज सकाळी तुझ्या प्रकाशकांचा फोन आला होता. तुझ्या आईच्या जुन्या ओळखीचे आहेत, म्हणून जरा चाचरतच म्हणाले की तू सगळे उकार परत घातलेस ते योग्यच केलंस, पण पहिल्या पानावरची ती ओळ तू खोडली आहेस, ती नक्की काढायची का. मी म्हटलं दोन दिवस थांबा. मला एवढंच सांग, बाळ, की तुझ्या पुस्तकात लिहिलंयस ते खरं आहे ना? शेवटी जो उजळतो तो हायड्रोजन त्या ताऱ्याचाच असतो ना, जन्मापासूनचा, बाहेरून कुठून आलेला नसतो? ते खरं असेल तर ही गाणारी बाई तुझी आईच आहे, आणि तुझ्यावर हसली तो तिचा आकसलेला भाग आहे, दोन्ही तिचेच. तू ये. तू येईपर्यंत मी पाकीट फोडणार नाही, ट्रे तिच्या हाताला लागू देणार नाही. ती आज जशी आहे तशी तू एकदा बघ, मग आपण दोघं मिळून ठरवू. तुला बघून ती काय करेल ते सांगता येत नाही. हसेल बहुतेक. पण यायच्या आधी प्रकाशकांना कळव, आणि त्या खोडलेल्या ओळीखाली टिंबं दे.

तुझाच, पिठाने माखलेला आणि पुरता गोंधळलेला,
बाबा